पाण्याआधीची रेघ

मी जन्माची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, विहिरीत डोकावायला भिते. सासरी आले तेव्हा सासूला भ्यायचे. ते सोडा, सासूला सगळ्याच भितात. भीती म्हणजे माझ्या पाचवीलाच पुजलेली. पण माझ्याहून भित्रं माणूस मी जन्मात एकच पाहिलं, आणि गंमत अशी की आमचं सगळं गाव तिला धीट समजत होतं.

तिचं नाव अनसूया. गावात मुलींची शाळा निघाली, तिच्यावर बाई म्हणून ती आली थेट मालवणच्या बाजूनं. दर्या हा शब्द तिच्या तोंडात इतका, की आठ दिवसांत गावानं तिला दर्याबाई करून टाकलं. अनसूया उरली ती शाळेच्या कागदापुरती. आज मी हे जे पुस्तकात लिहितात तसं मराठी लिहिते आहे, तेही तिचंच देणं. नाहीतर आमच्या घरात सगळा कारभार अहिराणीत, आणि माझी सही म्हणजे आंगठा.

आमचं गाव तापीच्या काठावर, प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला. आता नंदुरबार जिल्हा म्हणतात. तेव्हा तर महाराष्ट्र राज्यसुद्धा व्हायचं होतं. माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे नदी म्हणजे होळीच्या आत आटणारा ओढा, वाळू उकरून हंडा भरायचा. तिथून मला उचललं ते तापीच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. उन्हाळ्यात नदी लांब खाली, कलिंगडाच्या वाड्यांपलीकडे गुमान पडून असायची. पावसाळ्यात मात्र आपणहून घराकडे यायची. घर धाब्याचं, पांढऱ्या मातीचं. घरात माझे मालक, सासू, तिला मी माय म्हणायचे, मी आणि माझी पाच महिन्यांची कमळ. नदीकडच्या अंगाला ओट्यालगत एक मोठी खोली होती, घरापेक्षा पायरीभर उंच. कोपऱ्यातली आमची धान्याची कोठी तशीच ठेवून ती मालकांनी दर्याबाईला राहायला दिली.

ती आली तेव्हा बैलगाडीत एक ट्रंक, काथ्याच्या दोरीचं भलंमोठं वेटोळं, गुंडाळलेलं जुनं जाळं आणि पुरुषभर उंचीचं एक लाकडी वल्हं. वल्हं आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. माय म्हणाली, एवढ्या मोठ्या उलथण्यानं ही बाई मांडे कुणासाठी भाजणार, हत्तीसाठी? दर्याबाई हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. आमच्याकडे भाडेकरू आला की आधी चूल बघतो, मग मोरी बघतो. हिनं तसं काही केलं नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि मला विचारलं, "मागचं दार कुठे उघडतं?"

मी म्हटलं, नाल्यावर. ती नाल्याच्या काठी जाऊन उभी राहिली. कोरडाठाक नाला, त्यात गाढवं लोळत होती. तो नाला पुढे नदीला मिळतो का, किती अंतरावर मिळतो, हे तिनं दोनदा विचारून घेतलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि सामान उतरवायला सांगितलं. मला वाटलं, असतील बुवा मोठ्या शाळेत शिकलेल्या बायकांच्या तऱ्हा.

पुढे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली आणि मी माहेरी झोके घ्यायला गेले. पंधरा दिवसांनी परत येते तर मायचं तोंड एवढंसं झालेलं. नुसतं बोट खोलीकडे केलं.

मी दारात जाऊन उभी राहिले. आमच्या पांढऱ्या मातीच्या खोलीत तिनं समुद्र आणून ठेवला होता. चुन्यात नीळ कालवून चारी भिंती छातीपर्यंत निळ्या केल्या होत्या, वरती नुसता पांढरा चुना. एका भिंतीवर जाळं पसरून टांगलेलं. दारावर वल्हं आडवं, त्यावर तिची पुस्तकं. काथ्याच्या वेटोळ्याचं बसायला आसन. खिडकीला आणि दाराला शिंपल्यांची तोरणं, वारा आला की ती आपसात कुजबुजल्यासारखी वाजायची. कोनाड्यात देव नव्हता. एक पालथा शंख आणि एक रिकामा पत्र्याचा डबा होता. त्या डब्यात कधीकाळी सुके बांगडे होते. आमच्या शाकाहारी घरात मासळी आणायची नाही हे तिनं पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं आणि ते पाळलंही. पण आठवण आली की डब्याचं झाकण उघडायची, डोळे मिटून वास घ्यायची आणि झाकण घट्ट लावून मुलींच्या पाट्या तपासायला बसायची.

हे सगळं मला आवडलंसुद्धा असतं. शिंपले कुणाला आवडत नाहीत? पण निळं आणि पांढरं जिथे मिळत होतं तिथे तिनं चारी भिंतींवरून एक गडद निळी रेघ फिरवली होती. लाटेसारखी, वरखाली होणारी. ती रेघ बघून मी उंबऱ्यातूनच मागे सरले.

का ते सांगायला हवं. आमच्या काठावरच्या घरांत रेघेला फार मान. पूर येऊन ओसरला की घरातली वडीलधारी बाई शेंदूर घेते आणि भिंतीवर किंवा खांबावर पाण्याचा जो डाग राहिलेला असतो, तो गिरवते. नारळ फोडते. म्हणजे नदीला सांगायचं, आलीस ते बघितलं, मान दिला, आता पुन्हा येऊ नको. आमच्या मधल्या खांबावर तशा दोन रेघा होत्या. एक गुडघ्याएवढी. दुसरी कमरेएवढी, आणि त्या दुसऱ्या रेघेच्या वर्षी मायचा धाकटा दीर वाहून गेला होता. रेघ ही अशी पाण्यामागून येते. पाण्याआधी रेघ मारणं म्हणजे नदीला अक्षता देऊन ये म्हणणं. आणि ही रेघ तर छातीएवढी.

माय तिच्यासमोर जाऊन बसली. आवाज चढवला नाही, तो तिचा स्वभावच नव्हता. म्हणाली, "बाई, रेघ पुसी टाक. पूरनी रेघ पानीनी मारानी ऱ्हास, मानूसनी नही."

दर्याबाईला अहिराणी अर्धीमुर्धी कळायची. मी अर्थ सांगितला. पुराची रेघ पाण्यानं मारायची असते, माणसानं नाही. तिनं भिंतीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि सांगितलं की ही पुराची रेघ नाही, शोभा आहे. तिकडे तिच्या घरात होती तशी काढलीय. ती पुसायला सांगू नका. पाहिजे तर खोली सोडते. खोली सोडून जाणार कुठे? गावात एकट्या बाईला दुसरं कोण घर देणार होतं, आणि बाई गेली की शाळा गेली. मालक मध्ये पडले. पाऊस तोंडावर आला होता, आता चुना वाळणार नाही, दिवाळीच्या सारवणाला रेघ पुसायची, असं ठरलं. मायनं मान हलवली. पण त्या दिवसापासून ती त्या खोलीत जाताना रेघेकडे बघायची नाही, पदर पुढे ओढून जायची.

गाव काय, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. जो तो येऊन खिडकीतून रेघ बघून जाऊ लागला. कुणी म्हणे बाई करणी करते, कुणी म्हणे तिला वरुणाची सिद्धी आहे. एक-दोन घरांनी मुलींना शाळेत पाठवणं बंद केलं. दर्याबाई त्या घरी गेली, ओट्यावर बसली, आणि आईसमोर मुलीला मुळाक्षरं गिरवायला लावून आली. त्यामुळे तर ती धीटच ठरली.

मला मात्र तिचं खरं रूप श्रावणात दिसलं. दुपारची वेळ. मी कमळला पाळण्यात टाकून तिच्या खोलीत बाराखडी काढत बसले होते. तोरण वाजलं. वारा तर नव्हता. वर पाहिलं तर भिंतीवरच्या जाळ्यात हातभर लांब नाग अडकून तडफडत होता. नाल्याला पाणी सुटलं होतं, त्यातून वर आला असेल. मी पाटी टाकून कोपऱ्यात सरकले. दर्याबाईनं जाळं खुंट्यांवरून अलगद सोडवलं, वल्ह्याच्या टोकाला गुंडाळलं आणि तसंच वल्हं समोर धरून नाल्यापलीकडे नेऊन जाळ्यासकट सोडून आली. घटकाभरानं नाग सुटून गेला. जाळं धुऊन तिनं परत टांगलं.

गावात बोभाटा झाला, बाई नागाला भीत नाही. पण नंतर काय झालं ते मी बघितलं. ती आसनावर बसली, ट्रंकेतून शिंपल्यांची पिशवी काढली आणि एकेक शिंपला लुगड्याच्या काठानं पुसू लागली. हात असे थरथरत होते की शिंपला शिंपल्यावर वाजत होता. दोन तास ती शिंपले पुसत होती. तेव्हा मला कळलं, ही रोज संध्याकाळी शिंपले पुसते ते हौसेनं नाही.

तिच्या दुसऱ्याही खोडींचा मग उलगडा झाला. ती नदीकडे पाठ करून कधी बसत नसे. जेवताना नाही, शिकवताना नाही. शाळेत सगळ्या मुलींची तोंडं फळ्याकडे आणि हिचं खिडकीकडे. मी एकदा भरल्या हंड्याला टेकून बसले तर तिनं मला दंडाला धरून फिरवलं. म्हणाली, "पाण्याकडे पाठ करून बसाचा नाय गो." भ्याली की ती मालवणीत बोलायची.

त्या हंड्याच्या दिवशी मी धीर करून विचारलं, एवढी भीती वाटते तर घरात चारी बाजूंनी पाणी कशाला रंगवलंत? आमच्यासारखं पांढरं ठेवायचं. तिनं हातातला शिंपला खाली ठेवला. मग सांगायला लागली. तिचं घर खाडीच्या तोंडावर. भिंती अशाच निळ्या. नवरा होडी घेऊन गेलेला आणि वादळ उठलं. सगळ्यांचे डोळे समोर दर्याकडे. पण पाणी समोरून आलं नाही. मागच्या ओहळातून आलं. ओहळ उलटा वाहायला लागला, दर्याकडून घराकडे. सासू म्हणाली, मुलगा परत आल्याशिवाय मी हलणार नाही. "घरात दोघी होतो," ती म्हणाली, "बाहेर एकटी आले." नवराही परत आला नाही.

मी कमळला उराशी धरून बसले. ती पुढे म्हणाली, लांब बदली मागितली, म्हटलं दर्या दिसणार नाही अशा मुलखात जाऊ. पण दिसेना तेव्हा भीती जास्त वाटायला लागली. कुठून येईल ते कळेना. "भिंतीवर ठेवला म्हणजे कुठे आहे ते मला दिसतं." आणि मग तिनं मला एक गोष्ट घोकून पाठ करायला लावली, बाराखडीसारखी. नाला उलटा वाहायला लागला की कुणाला विचारायचं नाही. निघायचं.

हे तिनं मला सांगायला नको होतं. त्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ नाल्यात गवताची काडी टाकून बघायचे. काडी नदीकडे गेली की जीव भांड्यात पडायचा.

भाद्रपदात गणपती उठले आणि दोन दिवसांनी सकाळी लख्ख ऊन पडलं. आमच्याकडे थेंब नाही. वरती बऱ्हाणपूरकडे कोसळत होता म्हणे, पण ते आम्हाला कोण सांगणार? मालक बैल दाखवायला शहाद्याला गेलेले. नदी पायऱ्यांना लागली होती, पण ती दरसाल लागते. पुरुषमाणसं काठावर उभी राहून वाहत येणारी लाकडं ओढत होती. माय अंगणात उडदाचे पापड वाळत घालत होती.

मी गोवऱ्या आणायला मागे गेले. एक गोवरी हातातून निसटून नाल्यात पडली. ती नदीकडे जायला हवी होती. ती संथपणे घराकडे यायला लागली.

मी बघतच राहिले. वर निरभ्र आभाळ, ऊन, पापडांवर बसायला आलेल्या चिमण्या, आणि नाला उलटा चाललेला. मी मायकडे धावले. मायनं पापडावरून नजर काढली नाही. म्हणाली, पाऊस नाही तर पूर कसला. काठावरच्या माणसांना सांगितलं तर हसले, सुनबाई डोंगराकडची, तिला काय कळतं. मी शाळेकडे पळाले तर दर्याबाई वाटेतच भेटली. मुलींना टेकडावरच्या मारुतीच्या देवळाशी पाठवून ती आमच्याकडेच येत होती. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तिनं विचारलंही नाही. मीच म्हटलं, गोवरी परत आली.

आम्ही घरी पोचेतो अंगणात घोट्याएवढं पाणी होतं आणि पापड तरंगत होते. आता गल्लीत आरडाओरडा सुरू झाला होता. लोक डोक्यावर गाठोडी घेऊन टेकडाकडे निघाले होते. मला वाटलं, माय दारात उभी असेल, कमळला घेऊन निघायचं. माय दारात नव्हती. घरात नव्हती. पाळणा रिकामा होता.

ती दर्याबाईच्या खोलीत होती. तिथे कोपऱ्यात आमची धान्याची कोठी होती, मातीची, पुरुषभर उंच. माय शिडी लावून कोठीच्या माथ्यावर चढून बसली होती आणि कमळ तिच्या मांडीवर होती. शिडी तिनं वर ओढून घेतली होती. चेहरा शांत. आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच ती त्या रेघेकडे सरळ बघत होती.

मी म्हटलं, माय, उतर, पाणी वाढतंय. ती म्हणाली, "कसाले भीस? रेघ तठे शे. पानी रेघलोंग येई, तेन्हावर येस नही."

कशाला भितेस, रेघ तिथे आहे, पाणी रेघेपर्यंत येईल, वर येणार नाही. मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते. मग कळलं. रेघ मारली म्हणजे पाणी तिथवर येणार, ही भीती तिनं चार महिने पोटात बाळगली होती. आता पाणी खरंच आलं, म्हणजे रेघ खरी ठरली. मग रेघेच्या वर बसलेल्या माणसाला कसली भीती? आमच्या काठावरचं शहाणपण ते, त्यात चूक काढायला जागा नव्हती. कोठीचा माथा रेघेपेक्षा हातभर वर होता. ती नात घेऊन नेमकी तिथे बसली होती.

मी रडले, हात जोडले. पोर तरी खाली दे म्हटलं. तर म्हणाली, "तुले जानं व्हई ते जाय. पोर मन्हाजोडे ऱ्हाई. बाहेर पानी शे." पोर तिच्याजवळच राहणार. तिच्या मते मी पोरीला मरणाकडे नेत होते. पाणी खोलीच्या उंबऱ्यावरून आत आलं. कोठी मातीची, तिचा पाया भिजायला लागला होता. भिंतीही मातीच्याच. मागचं दार पाण्यानं आपोआप उघडलं आणि नाला घरात शिरला.

दर्याबाई दारात उभी होती. मी तिला म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल. ती हलेना. तिची नजर मायवर खिळलेली. आयुष्यात मी एवढी भ्यालेली नजर पाहिलेली नाही, आणि मी आरशात स्वतःची बरीच पाहिली आहे. क्षणभर वाटलं, ही आता एकटीच पळणार. माझा तिच्यावर राग नव्हता. मला पळता येत असतं तर मीही पळाले असते. पण माझं पोर वर होतं.

ती पळाली नाही. गुडघाभर पाण्यातून भिंतीशी गेली. दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि ओल्या तळव्यांनी रेघ पुसायला लागली. चुन्यातली नीळ ती, पाणी लागताच सुटली. तिनं हातानं पुसलं, पदर ओला करून पुसलं, वरच्या पांढऱ्यावर निळं फासत फासत हात पोचेल तिथवर नेलं. एक भिंत झाली, दुसरी झाली. कुठे निळं संपतं आणि कुठे पांढरं लागतं ते कळेनासं झालं. जे घर तिनं परमुलखात स्वतःच्या हातानं उभं केलं होतं, जे सोडा म्हटलं तर ती रस्त्यावर जायला तयार होती, ते तिनं आमच्यासमोर पुसून टाकलं.

मग ती कोठीखाली येऊन उभी राहिली. हात कोपरापर्यंत निळे. वर मायकडे पाहून म्हणाली, "रेघ गेली, आये. आता पाण्याक थांब म्हणणारा हय कोण नाय."

मालवणी मायला कुठून कळणार? पण कळलं. ती भिंतीकडे बघत होती. पुसलेल्या भिंतीवरून निळं पाणी ओघळत होतं. तिचा चेहरा पडला आणि ती एकदम लहान, म्हातारी दिसायला लागली. तिनं कमळला दोन्ही हातांनी खाली धरलं. "पोर धर," एवढंच म्हणाली. मग शिडी खाली सोडली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काथ्याची दोरी दर्याबाईनं दाराच्या चौकटीला बांधली आणि दुसरं टोक कमरेला. वल्ह्यानं जमीन चाचपत ती पुढे, मध्ये माय, मागे मी, कमळ माझ्या डोक्यावर. अंगणातल्या निंबापर्यंत पाणी छातीला लागलं. मी डोळे मिटून घेतले होते, दोरी हातातून सरकत होती तेवढं कळत होतं. निंबाला दोरी बांधून तिनं आम्हाला गल्लीच्या चढावर ओढून घेतलं. शिंपल्यांची तोरणं मागे वाजत होती, मग वाजायची थांबली.

टेकडावरून आम्ही बघितलं. भर दुपारी, उन्हात, आमच्या घराचं धाबं खाली बसलं. पाण्यातून धूळ उठली. पाण्यातून धूळ उठताना मी तेव्हाच पाहिली. मायनं दर्याबाईचा निळा हात धरला होता आणि तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

पाणी उतरल्यावर माय शेंदराची डबी घेऊन खाली गेली. मी मागोमाग. चिखलात ती इकडून तिकडे फिरत राहिली. रेघ गिरवायला भिंत नव्हती, खांब नव्हता. पाणी किती चढलं होतं ते सांगणारं काही उरलंच नव्हतं. शेवटी डबी तशीच मिटून परत आली.

नवं घर टेकडाच्या अंगाला बांधलं. दर्याबाई आमच्यातच राहिली, आता भाडेकरू वगैरे काही नव्हतं. तिच्या खोलीच्या भिंती तिनं कोऱ्या पांढऱ्या ठेवल्या. ट्रंक गेली होती, जाळं गेलं, सुक्या मासळीचा तो डबासुद्धा गेला. पुसायला शिंपले नव्हते, तर भ्याली की नुसती बोटं बोटांवर घासायची. मायनं चिखलातून तापीचे बारके शिंपले वेचून आणले आणि एक तोरण ओवून तिच्या दाराला बांधलं. वाकडंतिकडं, पण वाजायचं तसंच.

पुढल्या उन्हाळ्यात तिच्या बदलीचा कागद आला. निघायच्या सकाळी माय चुन्याचं मडकं आणि निळीची पुडी घेऊन आली. म्हणाली, "बाई, एक रेघ मारी दे."

दर्याबाई दोन पावलं मागे सरली. मी रेघ मारणार नाही, म्हणाली, पुन्हा कधीच नाही. मायनं ऐकून घेतलं. मग तिला हाताला धरून घराबाहेर नेलं, ओट्याच्या पायाशी वाकली आणि जमिनीपासून चार बोटं वर बोट ठेवलं. उंबऱ्याच्या बाहेर, ओट्याच्या खाली. पाण्यानं कुठे थांबावं, हे ह्या वेळी मायनं ठरवलं होतं. दर्याबाई बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि हातानंच रेघ ओढली. लाटेसारखी नाही, सरळ. ओढताना तोंड नदीकडेच होतं.

मोटारीत पुढच्या जागा रिकाम्या होत्या, पण ती दाराशेजारच्या जागेवर बसली. कंडक्टर आत सरका म्हणाला तर सरकली नाही. मी कमळला घेऊन खाली उभी होते. रडू येत होतं आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की आता नाला बघायला आपण एकट्या. मोटार सुरू झाली. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, बोटं अजून निळी होती. मला वाटलं निरोपाला हलवते आहे, म्हणून मीही हात वर केला. पण तिचा हात हलत नव्हता. ती माझ्या पाठीमागे बोट दाखवत होती. मी नदीकडे पाठ करून उभी होते.

मी वळले आणि नदीकडे तोंड केलं. मोटार गेली ती मी पाहिली नाही, नुसती ऐकली.